वाटीतला पावणा

डिसेंबरात बेळगावात डायफिनाइल इथरची बाटली गोठते. खोबरेल गोठतं ना, अगदी तशी, पांढरी घट्ट, उलटी केली तरी थेंब पडत नाही. 27 अंशांच्या खाली गेलं की ते द्रव राहतच नाही आणि आमच्याकडं डिसेंबरातली सकाळ म्हणजे स्वेटर, कानटोपी आणि तोंडातून वाफ, त्यामुळं लॅबमध्ये पोचल्यावर माझं पहिलं काम ठरलेलं असायचं, टबात गरम पाणी घ्यायचं, त्यात बाटली उभी करायची आणि कडेनं वितळत वितळत मधला पांढरा गोळा सुटा होईपर्यंत बघत बसायचं. वास छान असतो त्याचा, जिरॅनियमच्या पानासारखा, साबणात वापरतात म्हणून ओळखीचा वाटतो. आई थंडीत खोबरेलाची बाटली अंगणात उन्हाला ठेवायची त्याची आठवण यायची रोज.

ही बाटली लागायची ती एक वाटी करण्यासाठी. वाटी म्हणजे खरोखरची वाटी, फक्त रेणूची. चार फिनॉलच्या कड्या गोलात एकमेकींना जोडलेल्या, बुडाला चार ओएच गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, एकमेकांचे हात धरून बसलेले, वरचं तोंड रुंद आणि त्या तोंडावर चार झुपकेदार टर्शरी ब्युटिल गट. मध्ये पोकळी. ती पोकळी किती मोठी म्हणाल तर मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एका भागापेक्षाही लहान, पण एखादा छोटा रेणू आत बसू शकतो, आणि बसतो. या वाट्यांना कॅलिक्सअरीन म्हणतात. त्यात राहणाऱ्या रेणूला रसायनशास्त्रात सरळ पाहुणाच म्हणतात आणि वाटीला यजमान. हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं, कारण एरवी आमच्या विषयात सगळं अभिक्रिया, अवक्षेप, उत्प्रेरक असं चालतं आणि इथं एकदम घरातली भाषा. आमच्या गावाकडं पाहुण्याला पावणा म्हणतात. मी मनातल्या मनात तोच शब्द वापरायचे, अजून वापरते.

करायची रीत कागदावर अगदी सोपी दिसते. 10 ग्रॅम पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉल घ्या, 6 मिली फॉर्मॅलिन घाला, 0.12 ग्रॅम कॉस्टिक सोडा घाला, 110-120 अंशांवर दोन तास तापवा. पाणी उडून जातं, आतलं मिश्रण पिवळं होतं, मग फेसाळतं, मग एकदम गुळाच्या पाकासारखं दाटून वर चढायला लागतं आणि शेवटी पिवळा चिकट गोळा होऊन बसतं. मग त्यात ते वितळवलेलं डायफिनाइल इथर ओतायचं आणि नायट्रोजन सोडून उकळी आणायची, ती येते 259 अंशांना. तीन-चार तास. सगळं काळपट तपकिरी होतं, वाटतं की करपलं, पण गार करून इथिल ॲसिटेट ओतलं की त्या काळ्या द्रवातून पांढरी पूड खाली बसायला लागते. पहिल्यांदा ती पांढरी पूड दिसली तेव्हा मी हूडची, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची, काच वर करायची विसरले आणि नाक काचेला लावून बघत राहिले.

पण त्या आधीची गोष्ट सांगायला हवी, पहिल्या दोन तासांतल्या वासाची. फिनॉल आणि फॉर्मॅलिन एकत्र तापायला लागले तेव्हा फ्यूम हूड चालू असूनसुद्धा जो थोडा वास आला तो मला ओळखीचा होता. आधी कळेचना कुठला. मग एकदम कळलं, आप्पांच्या शर्टाचा.

आप्पा उद्यमबागेत एका फाउंड्रीत कोअर शॉपला होते. येळ्ळूरहून अनगोळमार्गे सायकलनं जायचे, पहिली पाळी असली की अंधारातच निघायचे. बेळगावात ज्यांच्या घरी फाउंड्रीतलं कुणी नाही असं घर आमच्या बाजूला तरी कमीच, कुणी मोल्डिंगला, कुणी फेटलिंगला, कुणी मशीन शॉपला. आप्पा शेल कोअर करायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पंपाचं बॉडी ओतायचं असेल तर त्याच्या आत पाणी फिरायला पोकळी लागते, आणि वितळलेलं लोखंड तर साच्यात जाईल तिथं सगळं भरून टाकणार, मग पोकळी कशी ठेवायची? तर त्या पोकळीच्या आकाराचा एक भरीव तुकडा वाळूचा करायचा, तो साच्यात ठेवायचा, त्याच्या भोवतीनं लोखंड ओतायचं आणि गार झाल्यावर ठोकून ठोकून आतली वाळू पाडून टाकायची. तो वाळूचा तुकडा म्हणजे कोअर. वाळू धरून राहावी म्हणून तिला रेझिन लावलेलं असतं, फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडचं, आणि ते घट्ट व्हायला हेक्सा घातलेला असतो. तापलेल्या लोखंडी कोअर बॉक्समध्ये ही वाळू पडली की हेक्सा फुटतो, त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतं, अमोनिया सुटतो, रेझिनच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात कडेचा थर बिस्किटासारखा कडक होतो. मधली सुटी वाळू ओतून काढायची, म्हणजे कोअर स्वतःसुद्धा आतून पोकळ.

आप्पा घरी आले की न्हाणीघरात जाईपर्यंत आम्हाला जवळ घ्यायचे नाहीत. शर्ट आई वेगळा धुवायची. तरीही तो वास राहायचाच, थोडा गोडसर, थोडा नाकात झोंबणारा. मी लहानपणी समजायचे की आप्पांचाच वास तो.

म्हणजे बघा, माझ्या वाटीचे आणि आप्पांच्या कोअरचे घटक तेच. फिनॉल तेच, फॉर्मल्डिहाइड तेच, तापवणं तेच. फक्त एकीकडं लांबच लांब साखळ्या वेड्यावाकड्या गुंतून कडक रेझिन होतं आणि दुसरीकडं चार कड्या बरोबर वळून एकमेकींना भेटतात आणि गोल बंद होतो. हे मला कळलं त्या दिवशी मी लॅबमधून बाहेर येऊन व्हरांड्यात बराच वेळ उभी होते.

आणि गंमत म्हणजे सगळ्या जगाचं लक्ष कितीतरी वर्षं रेझिनकडंच होतं. 1872 साली जर्मनीत ॲडॉल्फ फॉन बायर यांनी फिनॉल आणि ॲल्डिहाइड एकत्र केली तेव्हा तळाला डांबरासारखा राळेचा गोळा बसला, शुद्ध करता येईना, ओळखता येईना, तेव्हाच्या साधनांनी त्याचं काही करणं शक्यच नव्हतं. 1907 साली लिओ बेकलंड यांनी त्याच गोळ्यातून बॅकेलाइट काढलं आणि प्लास्टिकचं युग सुरू झालं, जुन्या रेडिओंचे खोके, टेलिफोन, विजेची बटणं, कुकरच्या शिट्टीजवळची काळी मूठ, सगळं त्यातलंच. पण त्या गोळ्याच्या आत कुठं कुठं गोल बंद झालेल्या कड्याही होत्या. 1940च्या दशकात ऑस्ट्रियात ग्राझला अलॉइस झिंके यांनी टर्शरी ब्युटिल फिनॉल घेतलं, म्हणजे ज्याची एक जागा आधीच अडवलेली आहे असं फिनॉल, त्यामुळं साखळ्यांना सगळीकडं पसरता येईना, आणि जवसाच्या तेलात खूप तापवल्यावर त्यांना सहजासहजी न वितळणारे स्फटिक मिळाले. ही चार कड्यांची गोल रचना असावी असं त्यांनी सांगितलं. मला झिंके फार मोठे वाटतात, कारण त्यांच्याकडं आज आमच्याकडं आहे तसलं एकही यंत्र नव्हतं. 1955 साली जॉन कॉर्नफोर्थ क्षयरोगावरची औषधं शोधताना याच पदार्थांकडं आले आणि त्यांच्या लक्षात आलं की हा एकच पदार्थ नाही, मिश्रण आहे. मग अमेरिकेत सेंट लुईसला डेव्हिड गुत्शे यांनी हे मिश्रण नीट सोडवलं, चारची वाटी वेगळी, सहाची वेगळी, आठची वेगळी, प्रत्येकीची रीत वेगळी बसवली, आणि 1978 साली ग्रीक फुलदाणीवरून, जिला कॅलिक्स म्हणतात तिच्यावरून, नाव ठेवलं.

फुलदाणी त्यांना दिसली, मला खानापूरची मातीची भांडी दिसतात. खानापूरला कुंभारकाम जुनं आहे, खादी ग्रामोद्योगाची मातीकाम शिकवणारी संस्थाही तिथं आहे. आमच्या लॅबमधली कन्नड मुलं त्याला बट्टलु म्हणायची, मी वाटी म्हणायचे, सर इंग्रजीतून कप म्हणायचे. सर बैलहोंगलकडचे, घरी कन्नड, माझ्याशी मराठी बोलायचा प्रयत्न करायचे आणि मी त्यांच्याशी कन्नड, दोघांचंही धेडगुजरी, पण चार वर्षांत अडलं काही नाही. दुपारी एक वाजला की दारातून डोकावून विचारायचे, ऊटा आतेनु? जेवण झालं का. प्रयोग कसा चाललाय हा प्रश्न त्यानंतरचा.

प्रयोग वाईट चालला होता. पहिल्या सात बॅचेसपैकी चार डांबर झाल्या. म्हणजे इथिल ॲसिटेट ओतलं तरी पांढरं काही पडलंच नाही, नुसतं काळं चिकट, फ्लास्क घासून घासून हात दुखले. आठव्या बॅचला भरपूर पांढरं पडलं, मी आनंदात, पण टीएलसीला, म्हणजे पदार्थ वेगळे करून ओळखायच्या प्लेटवर, स्पॉट भलत्याच उंचीला. सरांनी प्लेट बघितली आणि विचारलं, कॉस्टिक किती घातलंस? 0.12 ग्रॅम. वजन केलंस? केलं. पण खरं काय झालं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. कॉस्टिकचे दाणे असतात, साबुदाण्यापेक्षा थोडे मोठे, आणि एकेका दाण्याचंच वजन तेवढं भरतं, वर ते हवेतलं पाणी ओढत राहतात, काट्यावर ठेवल्या ठेवल्या ओलसर होतात, आकडा बदलत राहतो. आणि त्या दिवशी मी घाईत बाटलीच दुसरी घेतली होती, कॉस्टिक पोटॅशची, तीही भरपूर. चारची वाटी हवी असेल तर अल्कली नखावर राहील एवढीच. त्याच्या दहा पट पोटॅश घातलं की सहाची वाटी मिळायला लागते. मी नकळत सहाचीच्या दिशेनं गेले होते.

असं का होतं ते समजून घ्यायला मला एक आठवडा लागला आणि तो आठवडा माझ्या आयुष्यातला फार चांगला आठवडा होता. उंच तापमानाला या कड्यांचे जोड तुटतात आणि पुन्हा जुळतात. आठची वाटी झालेली असली तरी तिला थोड्या अल्कलीबरोबर डायफिनाइल इथरमध्ये उकळत ठेवली की ती मोडून चारच्या वाट्या होतात. म्हणजे त्या तीन-चार तासांत आत सगळी मोडतोड चालू असते, साखळ्या मोडतात, मोठे गोल मोडतात, आणि जे सगळ्यात स्थिर, जिथं बुडाच्या चार ओएचनी एकमेकांना घट्ट धरलंय, ते शेवटी उरतं. त्या धरण्याचा पुरावा इन्फ्रारेडच्या आलेखात दिसतो, एकट्या मोकळ्या फिनॉलच्या ओएचची खूण 3600च्या आसपास येते आणि या वाटीची 3200च्याही खाली उतरते, इतकी ती बांधलेली असते. सहाच्या वाटीचं मात्र वेगळं आहे. तिथं पोटॅशियमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, मध्ये येऊन बसतो आणि त्याच्या भोवतीनं सहा कड्या गोळा होतात. आयन आहे म्हणून गोल होतो. नंतर आम्लानं धुतलं की पोटॅशियम निघून जातं आणि त्याची जागा राहते.

हे मी रविवारी घरी आप्पांना सांगितलं. ते अंगणात शेंगा फोडत बसले होते. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाच थांबवलं, आयन म्हणजे काय गे ते, मी सांगितलं. मग म्हणाले, "म्हंजे कोअरच की."

मी गप्पच झाले. कारण माझ्या पुस्तकात याला टेम्प्लेट म्हणतात आणि ते समजवायला दोन पानं खर्ची घातलेली आहेत. आप्पा पुढं म्हणाले, पोकळी अशी करताच येत नाही, हवेला धरून कोण साचा करंल, आधी तिथं काय तरी ठेवाय लागतंय, मग भोवतीनं ओतायचं, मग काढायचं. आणि शेंगा फोडायला लागले.

तेव्हापासून मी हे सगळं वाचताना आप्पांच्या डोळ्यांनी वाचते. चार्ल्स पेडरसन यांचं क्राउन इथर घ्या. दुसरंच काही करायला गेले होते आणि तळाला अगदी थोडे, अर्ध्या टक्क्याहूनही कमी, पांढरे रेशमासारखे स्फटिक मिळाले. फेकून देता आले असते. त्यांनी बघितलं तर तो एक मुकुटासारखा गोल होता आणि पोटॅशियमला मधोमध पकडत होता. 1967 साली छापलं, 1987 साली नोबेल मिळालं, डोनाल्ड क्रॅम आणि ज्याँ-मारी लेन यांच्याबरोबर, आणि पेडरसन यांच्याकडं डॉक्टरेट नव्हती. क्रॅम तर आणखी पुढं गेले. त्यांनी दोन वाट्या तोंडाला तोंड लावून शिवल्या आणि बंद कवच केलं, ज्यातून आतला रेणू बाहेर पडूच शकत नाही. तर तिथं असं दिसलं की शिवताना आत द्रावकाचा एखादा रेणू सापडल्याशिवाय ते कवच नीट बंद होत नाही. रिकामं कवच मिळतच नाही. पुढं 1991 साली क्रॅम यांनी असल्याच कवचात सायक्लोब्युटाडाइन ठेवून दाखवलं, जो रेणू बाहेर असता तर लगेच दुसऱ्याला भिडून संपला असता, तो आत खोलीच्या तापमानाला शांत बसून राहिला. या प्रयोगाबद्दल मी वर्गात बोलते तेव्हा अजून माझा आवाज बदलतो.

आता माझ्या पावण्याचं.

बारावी बॅच चांगली आली. यील्ड 60 टक्क्यांच्या जवळ. टोल्युइनमध्ये गरम करून विरघळवून गार होऊ दिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लास्कच्या काचेवर चमकणारे स्फटिक, खडीसाखरेचे अगदी बारीक तुकडे म्हणा. गाळले, धुतले, वाळवले, चिमूटभर नमुना बाहेरच्या संस्थेत एनएमआरला, म्हणजे नमुन्यात कुठले रेणू आहेत ते आलेखात दाखवणाऱ्या तपासणीला, कुरिअरनं पाठवला. दहा दिवसांनी आलेख आला. सगळ्या खुणा जागच्या जागी आणि 2.36ला एक टोकदार खूण जास्तीची. टोल्युइन. मला वाटलं नीट वाळलं नाही. पुन्हा व्हॅक्यूम ओव्हनमध्ये 60 अंशांवर रात्रभर. पुन्हा कुरिअर, पुन्हा दहा दिवस. टोल्युइन आहेच. 80 अंशांवर दोन दिवस. आहेच, आणि प्रमाणही तेच, एका वाटीला एक टोल्युइन. ओलं राहिलेलं असतं तर कमी-जास्त झालं असतं, हे तर मोजून दिल्यासारखं.

मी आलेख घेऊन सरांच्या टेबलासमोर उभी, रडकुंडीला आलेली. सरांनी आलेख बघितला, चष्मा वर केला आणि म्हणाले, अदु होगिल्ल. गेलं नाही ते. मग म्हणाले, इरली बिडु. राहू दे. आणि ड्रॉवरमधून 1979 सालचा एका इटालियन गटाचा शोधनिबंध काढून दिला. आंद्रेट्टी, उंगारो, पोकिनी. त्यांनी क्ष-किरणांनी हाच स्फटिक बघितला होता, आणि वाटी खरोखर वाटीसारखी असते हे त्यातूनच पक्कं कळलं होतं. प्रत्येक वाटीत एक टोल्युइन बसलेला. म्हणजे मी महिनाभर ज्याला मळ म्हणून काढू बघत होते तोच पुरावा होता की वाटी झाली आहे. मी रिकामी वाटी मागत होते आणि समोर भरलेली वाटी होती.

टोल्युइन काढता येतो, नाही असं नाही. 140च्या पुढं तापवून निर्वातात ठेवलं की हळूहळू जातो, आणि आणखी उंच तापमानाला वाटी स्वतःच संप्लवन पावते, कापरासारखी उडून वरच्या गार भागावर पुन्हा बसते, तेव्हा ती पूर्ण मोकळी असते. पण मोकळ्या वाट्या काय करतात माहीत आहे? त्यांच्या एका दाट स्फटिकरूपात दोन वाट्या समोरासमोर येतात आणि एकीच्या काठावरचा ब्युटिलचा झुपका दुसरीच्या पोटात आणि दुसरीचा पहिलीच्या. कुणी पावणा नसला तर त्या एकमेकींच्याच घरी जातात. मी हे वाचलं तेव्हा मला येळ्ळूरच्या घरातल्या दोन आज्या आठवल्या, आमची आजी आणि शेजारची, पोरं कामाला आणि शाळेला गेली की एक हिच्याकडं नाही तर ही तिच्याकडं, घर रिकामं ठेवून बसवत नसे दोघींनाही.

या वाट्यांचा उपयोग काय असं मला लग्नाच्या बैठकीतसुद्धा विचारलं गेलंय. उपयोग आहे आणि मोठा आहे. वाटीच्या काठाला क्राउन इथरची कडी जोडली की ती सोडियमच्या समुद्रातून नेमका सीझियम उचलते, आणि अमेरिकेत सव्हाना नदीकाठच्या अणुकचऱ्यातून किरणोत्सारी सीझियम-137 वेगळं करायला असल्याच कॅलिक्सअरीनचा वापर केलाय. आठची वाटी कार्बनच्या 60 अणूंचा चेंडू मिश्रणातून वेचून काढते, 1994 साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. पण मला सगळ्यात लाडका आहे तो भोपळा. 1905 साली जर्मनीत बेरेंड यांनी ग्लायकोल्युरिल आणि तेच आपलं फॉर्मल्डिहाइड आम्लात तापवून एक पदार्थ केला, आणि तो नेमका कसा दिसतो हे कळायला 1981 साल उजाडलं. मॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बघितलं तर हुबेहूब भोपळा, वर-खाली तोंडं बारीक, मध्ये फुगलेला, म्हणून भोपळ्याच्या कुळावरून नाव ठेवलं कुकरबिट्युरिल. मी दर वर्षी मुलांना हे शिकवताना विचारते, भोपळ्यात बसून लेकीकडनं परत येणारी म्हातारी आठवते का. सगळ्यांना आठवते, मराठी मुलांना तरी. वाटेत वाघ, कोल्हा, सगळे टपलेले, पण म्हातारी भोपळ्यात. औषधाचा रेणू असाच भोपळ्यात किंवा वाटीत बसवून पोटातल्या वाघ-कोल्ह्यांच्या मधून न्यायचा, यावर आज कितीतरी लॅबमध्ये काम चालू आहे.

मला वाटलं नव्हतं की यातलं काही माझ्या घरात येईल.

दोन वर्षांपूर्वी आप्पांचं ऑपरेशन झालं, पित्ताशयाचं. दुर्बिणीनंच केलं, मोठं नव्हतं, पण वय 71 आणि छाती वाळूच्या धुळीत गेलेली, त्यामुळं भुलीचीच भीती जास्त. भूल देणाऱ्या मॅडम फार चांगल्या होत्या, आदल्या दिवशी येऊन सगळं समजावलं, की स्नायू सैल करायला एक औषध देतो, त्यानं श्वासाचे स्नायूही थांबतात, तोपर्यंत श्वास मशीनवर, आणि शेवटी ते औषध उतरवायला यांच्यासाठी सुगामाडेक्स वापरू, थोडं महाग पडेल. मी नाव ऐकलं आणि खुर्चीतून उठलेच.

सुगामाडेक्स म्हणजे वाटीच. फिनॉलची नाही, साखरेची. सायक्लोडेक्स्ट्रिन, जे 1891 साली व्हिलिए यांना पिष्टावर जिवाणू वाढवताना सापडलं, त्यातलंच आठ ग्लुकोजच्या कड्यांचं, काठाला आठ शेपट्या लावून खोल केलेलं. स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम रक्तात फिरत असतं, ही वाटी शिरेतून आत सोडली की एकेक वाटी एकेक रोक्युरोनियम पोटात घेते आणि सोडत नाही, स्नायू दोन-तीन मिनिटांत मोकळे होतात, आणि वाटी पाहुण्यासकट मूत्रपिंडातून निघून जाते. ते औषध शरीरात मोडत नाही, कशाशी भांडत नाही. नुसतं आत घेतं. युरोपात 2008 साली मान्यता मिळाली त्याला.

मी बाहेर बाकड्यावर बसले होते तेव्हा मला सारखं दिसत होतं, आत्ता सोडलं असेल, आत्ता वाट्या निघाल्या असतील, हातातून खांद्याकडं, खांद्याकडून छातीत. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, श्वास घेऊलालेत, बोलूलालेत. बेळगावच्याच होत्या. मी त्यांचा हात धरला आणि सोडायला विसरले.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी मी आप्पांना सगळं सांगितलं. पलंगावर उशीला टेकून ऐकत होते. "ते वाटी आता कुठं हाय?" मी म्हटलं, गेली, पहिल्याच दिवशी लघवीतनं. "पावण्यासंगट?" पावण्यासंगट. ते बराच वेळ छताकडं बघत होते. कोअर काढताना ठोकाय लागतंय, म्हणाले, हे न ठोकता गेलं.

मग म्हणाले, तुझं ते काय केलतंस ते हाय काय अजून?

माझ्याकडं बारावी बॅचची एक छोटी बाटली आहे. कॉलेजात नोकरी लागली तेव्हा सरांनीच दिली होती, वर माझ्याच अक्षरात बॅच नंबर. मी ती कपाटात पुस्तकांच्या मागं ठेवते. मागच्या वर्षी त्यातलं चिमूटभर घेऊन आलेख काढून घेतला होता, 2.36ची खूण होती, तेवढीच, एकास एक. पंधरा वर्षं झाली.

मी बाटली आणून आप्पांच्या हातात दिली. बोटं सुजलेली होती सलाईननं, तरी दोन बोटांत धरून खिडकीकडं केली. संध्याकाळचं ऊन होतं, स्फटिक चमकले. हलवून बघितली. झाकण काढलं, नाकाशी नेलं. मी विचारलं, वास येतो काय? मान हलवली, नाही. कोअर शॉपनं त्यांचं नाक केव्हाच गेलंय.

"अजून हाय आत?"

"आहे आप्पा."

त्यांनी झाकण लावलं, घट्ट पिळलं, पुन्हा एकदा पिळलं आणि मगच माझ्याकडं दिली.